मेम्ब्रेन प्रोटीनवर फाज डिस्प्ले: नागपुरातल्या नवख्या हातांसाठी पायरीवार मार्गदर्शन

एम१३ हा धाग्यासारखा फाज (जिवाणूंना लागणारा विषाणू) अंगावर अँटिबॉडीचा तुकडा मिरवतो आणि पोटात त्याच तुकड्याचा जीन बाळगतो. असे अब्जावधी वेगवेगळे फाज आपल्या प्रोटीनपुढे सोडायचे, न चिकटलेले धुऊन काढायचे आणि चिकटलेले ई. कोलायमध्ये वाढवून पुन्हा तेच करायचं. यालाच पॅनिंग म्हणतात. जॉर्ज स्मिथ यांनी १९८५ साली ही कल्पना मांडली. पुढे ग्रेगरी विंटर यांनी तिच्यावर अँटिबॉडी घडवल्या. दोघांनाही २०१८ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

विरघळणाऱ्या प्रोटीनवर हे काम सरळ चालतं. मेम्ब्रेन प्रोटीनवर (पेशीच्या पटलात रुतलेल्या प्रोटीनवर) अडतं, आणि ते बहुतेकदा फाजमुळे अडत नाही. जे समोर ठेवाल त्यालाच फाज चिकटणार. समोर उलगडलेलं प्रोटीन असेल तर त्याचे बाइंडर (त्याला धरणारे तुकडे) मिळतील, रिकामं लिपिड असेल तर लिपिडचे, प्लास्टिक उघडं राहिलं असेल तर प्लास्टिकचे. म्हणून या लेखात सर्वांत जास्त जागा टार्गेट (ज्याचे बाइंडर हवेत ते प्रोटीन) समोर कसं ठेवायचं याला दिली आहे. वेळेचं वाटपही तसंच करा. चार महिने हाताशी असतील तर तीन महिने टार्गेटला द्या.

१. कागदपत्रं आधी

जनुकीय बदल केलेल्या सूक्ष्मजीवांचं काम १९८९ च्या नियमांखाली येतं, त्यामुळे संस्थेच्या जैवसुरक्षा समितीकडे (आयबीएससी) प्रस्ताव गेलेला असला पाहिजे. प्रस्तावासोबत लागतं ते असं:

- यजमान जिवाणूचं नाव आणि वंश (के-१२ वंशाचे ई. कोलाय सर्वांत कमी जोखमीच्या गटात येतात)
- फाजमिडचा (तुकड्याचा जीन वाहणाऱ्या डीएनएच्या वर्तुळाचा) नकाशा, त्यावरचा प्रतिजैविक-रोधक जीन आणि टार्गेटच्या जीनचा स्रोत
- लायब्ररी (वेगवेगळे तुकडे मिरवणाऱ्या फाजांचा संच) बाहेरून येत असेल तर साहित्य हस्तांतरण करार
- कचरा निकामी करण्याची लेखी पद्धत

उंट, लामा किंवा उंदराला लस टोचून लायब्ररी बांधणार असाल तर प्राणी-नैतिकता समितीची मंजुरीही लागते. नवख्याने तिकडे वळूच नये. तयार नॅनोबॉडी किंवा एससीएफव्ही (दोन्ही अँटिबॉडीचे छोटे तुकडे) लायब्ररीने सुरुवात करावी. हस्तांतरण करारावर सह्या होता होता आठवडे सरतात, म्हणून तो कागद पहिल्याच दिवशी हलवा.

२. टार्गेट कोणत्या रूपात ठेवणार ते ठरवा

विदर्भातलंच उदाहरण घेऊ. बीटी कपाशीतली क्राय प्रोटीनं गुलाबी बोंडअळीच्या आतड्याच्या पेशींवर बसतात, तेव्हा अळी मरते. क्राय१एसी कॅढेरिनला धरतं. क्राय२एबीच्या बाबतीत एबीसीए२ हा ट्रान्सपोर्टर (पटलातून रेणू नेणारं प्रोटीन) महत्त्वाचा. या दोन जीनमध्ये बिघाड झालेल्या अळ्या त्या-त्या विषाला दाद देत नाहीत. समजा, दोन्हींविरुद्ध नॅनोबॉडी हव्या आहेत. टार्गेट दोन्ही मेम्ब्रेन प्रोटीनंच, पण वाट एक नाही.

कॅढेरिन पटल एकदाच ओलांडतं आणि त्याचा बहुतांश भाग पेशीबाहेर असतो. तेवढाच बाहेरचा भाग विरघळणारं प्रोटीन म्हणून बनवा आणि नेहमीसारखं पॅनिंग करा. उगाच डिटर्जंटच्या वाटेला जाऊ नका. कॅढेरिनच्या घड्या कॅल्शियमवर टिकतात, हे मात्र विसरू नका. बफरमध्ये १ ते २ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड हवं, कॅल्शियम ओढून घेणारं ईडीटीए नको. फॉस्फेट कॅल्शियमला खाली बसवतं, म्हणून पीबीएसऐवजी ट्रिस किंवा हेपीस घ्या.

एबीसीए२ पटल १२ वेळा ओलांडतं. त्याचे बाहेरचे लूप कापून वेगळे बनवले तर ते मूळ आकारात राहतील याची खात्री नाही. इथे अख्खं प्रोटीनच हवं, आणि त्याचे तीन मार्ग आहेत.

*डिटर्जंटमध्ये.* साबणासारख्या रसायनाने प्रोटीन पटलातून सोडवायचं. सर्वांत सोपा आणि सर्वांत फसवा मार्ग. डीडीएम या डिटर्जंटची क्रिटिकल मायसेल मर्यादा (जिच्याखाली ते प्रोटीनला सांभाळत नाही ते प्रमाण) सुमारे ०.००८७ टक्के आहे. बाइंडिंगपासून शेवटच्या धुण्यापर्यंत प्रत्येक बफरमध्ये ०.०२ ते ०.०५ टक्के डीडीएम ठेवा. एकाच धुण्याच्या बफरमध्ये ते घालायचं राहिलं तरी प्रोटीन चुंबकीय मण्यांवरच (टार्गेट धरून ठेवणारे मणी) गोळा होतं, आणि पुढे मिळतात ते गोळ्याचे बाइंडर. एलएमएनजी हे डिटर्जंट बऱ्याच प्रोटीनला अधिक मानवतं आणि त्याची मर्यादाही फार खाली, सुमारे ०.००१ टक्के, आहे.

*नॅनोडिस्कमध्ये.* लिपिडची छोटी चकती आणि तिच्याभोवती एमएसपी प्रोटीनचा पट्टा. एमएसपी१डी१ची चकती सुमारे १० नॅनोमीटरची असते. १२ हेलिक्सच्या प्रोटीनला ती आवळते, म्हणून मोठा एमएसपी१ई३डी१ घ्या. चकती जमल्यावर साइज एक्सक्लूजन कॉलम (रेणू आकारानुसार वेगळे करणारा) चालवाच. एकच सरळ शिखर दिसलं नाही तर पुढे जाऊ नका. आणि नॅनोडिस्कच्या पॅनिंगमध्ये ट्वीन-२० वापरू नका. ट्वीन हेही डिटर्जंटच आहे, ते चकती विस्कटतं. विरघळणाऱ्या प्रोटीनच्या प्रोटोकॉलमधून 'पीबीएस-ट्वीन' डोळे मिटून उचलणं ही नवख्यांची सर्वांत नेहमीची चूक आहे.

*अख्ख्या पेशीवर.* प्रोटीन शुद्ध करावंच लागत नाही आणि आकार मूळचा राहतो. पण आकडे पाहा. १ कोटी पेशी, प्रत्येकीवर १ लाख टार्गेट, म्हणजे १ लाख कोटी रेणू. १ मिलिलिटरमध्ये ही तीव्रता जेमतेम १.७ नॅनोमोलर भरते, तर नॅनोडिस्कने पहिल्या फेरीत सहज १०० नॅनोमोलर देता येतात. शिवाय त्याच पेशीवर इतर शेकडो प्रोटीनं फाजला बोलावत असतात.

आमचा सल्ला असा: नॅनोडिस्कवर निवडा आणि पेशीवर खात्री करा. शुद्धीकरण जमतच नसेल तरच पेशीवर निवड करा.

बायोटिन हे छोटं जीवनसत्त्व मण्यांवरच्या स्ट्रेप्टाव्हिडिन या प्रोटीनला घट्ट धरतं, आणि त्याच्याच आधारे टार्गेट मण्यांवर चढतं. ते कुठे लावता यावरही बरंच ठरतं. टार्गेटच्या टोकाला अवि-टॅग (अमिनो आम्लांची छोटी शेपटी) जोडून बर-ए एन्झाइमने एकच बायोटिन बसवा. एमएसपीच्या पट्ट्याला किंवा लिपिडला बायोटिन लावलं तर रिकाम्या चकत्याही मण्यांवर चढतात. लायसिनवर चढणारा एनएचएस-बायोटिन वापरावाच लागला तर प्रोटीनच्या १ ते ३ पटच घ्या, आणि बफरमध्ये ट्रिस नको. ट्रिसच त्याला खाऊन टाकतो.

३. सामानाची यादी

- लायब्ररी (किमान १ हजार कोटी क्लोनची) आणि एम१३केओ७ हेल्पर फाज (फाजमिडला फाजच्या रूपात बाहेर पडायला लागणारी प्रोटीनं हा पुरवतो)
- टीजी१ ई. कोलाय
- २वायटी माध्यम, ग्लुकोज, अँपिसिलिन किंवा कार्बेनिसिलिन, कॅनामायसिन
- पीईजी ८००० (२० टक्के) आणि २.५ मोलर मीठ यांचं द्रावण
- स्ट्रेप्टाव्हिडिनचे चुंबकीय मणी, चुंबकी रॅक, लो-बाइंड ट्यूब
- बीएसए, ग्लायसिन-एचसीएल (०.१ मोलर, पीएच २.२), ट्रिस (१ मोलर, पीएच ९.१)
- एम१३विरोधी एचआरपी अँटिबॉडी, टीएमबी (एचआरपी या एन्झाइममुळे रंग देणारं रसायन)
- फिल्टर टिप्स. साध्या टिप्सने हे काम करूच नये
- एचईके २९३ किंवा सीएचओ पेशी. पुण्याच्या एनसीसीएस या संस्थेच्या पेशी-भांडारातून मिळतात

मणी गोठले की वाया जातात आणि उन्हात तापले तरी जातात. उन्हाळ्यात पार्सल सोमवारी किंवा मंगळवारीच निघेल असं पुरवठादाराकडून कबूल करून घ्या. शुक्रवारी निघालेला डबा रविवारभर गोदामात पडून राहतो.

४. टीजी१ची निगा

एम१३ जिवाणूच्या एफ-पायलस नावाच्या केसाला धरून आत शिरतो. केस नाही तर संसर्ग नाही. टीजी१चा एफ-प्लास्मिड (या केसाचे जीन असलेलं डीएनएचं वर्तुळ) प्रतिजैविकाने राखता येत नाही, त्यावर प्रोलिन बनवणारे जीन असतात. म्हणून टीजी१ प्रोलिन नसलेल्या एम९ मिनिमल प्लेटवर (थायमिन घालून) ठेवा. साध्या एलबी प्लेटवरून महिनोन्‌महिने उचलत राहिलात तर केस गळालेली टीजी१ हाती येते आणि टायटर (संसर्ग करणाऱ्या फाजांची संख्या) हजार पटींनी पडतो. एक्सएल१-ब्लू किंवा एसएस३२० हे ई. कोलायचे वंश असतील तर ते टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकावर राखता येतात.

संसर्गासाठी कल्चर ३७ अंशांवर, ओडी (कल्चरच्या गढूळपणाचं माप) ०.४ ते ०.६ असताना हवं. ओडी ०.८ झाली तर ती फ्लास्क टाकून द्या, पातळ करून वापरू नका. ३० अंशांखाली केस नीट बनत नाहीत, त्यामुळे बर्फावर थांबवलेलं कल्चरही चालत नाही. फाज घातल्यावर ३० मिनिटं न हलवता ठेवा, कारण जोरात हलवलं की केस तुटतात.

५. उन्हाळ्याचा हिशेब

प्रोटोकॉलमध्ये 'रूम टेंपरेचर' लिहिलेलं असतं त्याचा अर्थ २० ते २५ अंश. नागपुरात मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना एसी नसलेली खोली ३५च्या पुढे असते. डीडीएममधलं नाजूक प्रोटीन त्या तापमानात तासाभरात उलगडू शकतं. बाइंडिंग थंड खोलीत किंवा ४ अंशांवर करा आणि वेळ दुप्पट द्या.

दुसरा सापळा इन्क्युबेटरचा. फाज रात्रभर ३० अंशांवर वाढवायचे असतात. कूलिंग नसलेला शेकर खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही. डिस्प्लेवर ३० सेट केलेलं असतं आणि आत ३६ असतं. जास्त तापमानाला अँटिबॉडीचा तुकडा नीट घडत नाही आणि प्रोटिएज (प्रोटीन कापणारी एन्झाइमं) तो छाटतात, म्हणजे फाज भरपूर आणि अंगावर काही नाही. पाण्याच्या फ्लास्कमध्ये थर्मामीटर बुडवून शेकरमध्ये ठेवा आणि सकाळी वाचा.

फाजच्या खोलीत डेझर्ट कूलर नकोच. त्याचा झोत बुरशी आणि फाजचे तुषार एका टेबलावरून दुसऱ्यावर नेतो.

६. पहिली फेरी

लायब्ररीतला प्रत्येक क्लोन किमान १०० वेळा तरी असावा, म्हणून १ हजार कोटींच्या लायब्ररीचे १ लाख कोटी फाज घ्या. फाजमिड पद्धतीत बहुतेक फाजांच्या अंगावर तुकडा नसतोच. शंभरांतले मोजकेच कामाचे, म्हणून ही शंभर पट.

ब्लॉकिंगसाठी दुधाची पावडर घेऊ नका. दुधात मोकळं बायोटिन असतं, ते मण्यांवरच्या जागा आधीच अडवतं. २ टक्के बीएसए घ्या. यीस्ट एक्स्ट्रॅक्टमध्येही बायोटिन असतं, म्हणून माध्यमातले फाज पीईजीने दोनदा खाली बसवूनच पॅनिंगला न्या.

क्रम असा:

१. ब्लॉक केलेले फाज ५०० मायक्रोलिटर बाइंडिंग बफरमध्ये घ्या. रिकामे मणी घालून ३० मिनिटं फिरवा आणि मणी फेकून द्या. स्ट्रेप्टाव्हिडिनला धरणारे (त्यांच्यात एच-पी-क्यू ही अमिनो आम्लांची ओळ वारंवार दिसते) इथे गळतात.

२. बायोटिन नसलेल्या रिकाम्या नॅनोडिस्क १ ते २ मायक्रोमोलर घाला. लिपिड आणि पट्ट्याला धरणारे त्यांच्यातच गुंततात. त्या काढायच्या नाहीत, तशाच राहू द्या.

३. बायोटिनवालं टार्गेट १०० नॅनोमोलर घाला. ५०० मायक्रोलिटरमध्ये हे ५० पिकोमोल होतात, म्हणजे ६० किलोडाल्टनच्या प्रोटीनचे ३ मायक्रोग्रॅम आणि १९० किलोडाल्टनचे साडेनऊ. ४ अंशांवर २ तास.

४. आधीच ब्लॉक केलेले मणी घालून १५ मिनिटं. जास्त वेळ ठेवू नका.

५. पाच वेळा धुवा. तिसऱ्या धुण्यानंतर मणी नव्या ट्यूबमध्ये हलवा, कारण ट्यूबच्या भिंतीला चिकटलेले फाज नाहीतर शेवटी तुमच्या हातात येतात.

६. ग्लायसिन ५०० मायक्रोलिटर, १० मिनिटं. वरचं द्रव काढून लगेच ७५ मायक्रोलिटर ट्रिस घाला. उरलेल्या मण्यांवर थेट टीजी१ टाका. फार घट्ट धरलेले फाज आम्लानेही सुटत नाहीत, आणि तेच खरे हवे असतात.

सोबत टार्गेट न घातलेली एक ट्यूब शेवटपर्यंत चालवा. ती नसेल तर पुढचे सगळे आकडे निरर्थक आहेत.

पेशीवर करत असाल तर आधी ३ ते ५ कोटी साध्या पेशींवर फाज गाळून घ्या, मग टार्गेटवाल्या १ कोटी पेशींवर सोडा. सगळं बर्फावर, ०.१ टक्का सोडियम अझाइड घालून, नाहीतर पेशी फाजला आत ओढून घेतात. मेलेल्या पेशी फाज स्पंजासारखे शोषतात, म्हणून ९५ टक्क्यांहून कमी जिवंत असतील तर त्या दिवशी पॅनिंग करू नका.

७. मोजणं आणि वाढवणं

आउटपुटचे (सुटून आलेल्या फाजांचे) दहापट-दहापट पातळ टप्पे करा. प्रत्येकातले १० मायक्रोलिटर ९० मायक्रोलिटर टीजी१ला देऊन अँपिसिलिन प्लेटवर टाका. पहिल्या फेरीत १० हजार ते १० लाख मिळणं नेहमीचं आहे. आकडा लहान दिसला म्हणून धुणं कमी करू नका. फाज न घातलेली टीजी१ही त्याच प्लेटवर टाका. तिथे एक जरी वसाहत आली तरी कल्चर दूषित आहे.

वाढवण्याचा हिशेब एकदा कागदावर करा. ओडी ०.५ असलेल्या १० मिलिलिटर टीजी१मध्ये सुमारे ४०० कोटी पेशी असतात. हेल्पर २० पट हवा, म्हणजे ८ हजार कोटी. साठा मिलिलिटरला १० हजार कोटींचा असेल तर ०.८ मिलिलिटर. हेल्पर घालण्याआधी माध्यमात २ टक्के ग्लुकोज असतं, ते प्रमोटरला (तुकड्याचा जीन चालू करणाऱ्या कळीला) दाबून ठेवतं. संसर्गानंतर पेशी ३,३०० जी-ला १० मिनिटं फिरवा, ग्लुकोजवालं माध्यम पूर्ण ओता आणि ग्लुकोज नसलेल्या ५० मिलिलिटर २वायटीमध्ये अँपिसिलिन (१०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर) व कॅनामायसिन (५०) घालून रात्रभर ३० अंशांवर ठेवा. ग्लुकोज मागे राहिलं तर अंगावर तुकडा येत नाही.

सकाळी ४० मिलिलिटर वरचं द्रव आणि १० मिलिलिटर पीईजी-मीठ, बर्फावर १ तास, मग १०,००० जी-ला ३० मिनिटं. ट्यूबच्या भिंतीवर पांढुरका, ओरखड्यासारखा पट्टा दिसतो. गोळा शोधत बसू नका, ट्यूब आत ठेवताना बाहेरच्या बाजूला पेनने खूण करून ठेवा.

मोजणीला स्पेक्ट्रोफोटोमीटरही चालतो. २६९ आणि ३२० नॅनोमीटरच्या वाचनांतला फरक घ्या, त्याला ६ गुणिले १० चा १६ वा घात याने गुणा आणि फाजमिडच्या बेसच्या संख्येने भागा. ४,५०० बेसचा फाजमिड, १० पट पातळ नमुना आणि फरक ०.०७५ असेल, तर मूळ नमुन्यात मिलिलिटरला १० लाख कोटी फाज आहेत.

निर्जंतुक करायला एम१३च्या साठ्यात क्लोरोफॉर्म घालू नका. लॅम्डा या दुसऱ्या फाजला ते चालतं, एम१३चा धागा मात्र आकसून निकामी होतो. ०.४५ मायक्रॉनचा फिल्टर वापरा.

८. पुढच्या फेऱ्या

टार्गेट ५०, मग २० नॅनोमोलरवर आणा. धुणं ८, मग १० वेळा. तीन फेऱ्या पुरतात, चौथी क्वचित, पाचवी कधीच नको. फेऱ्या वाढल्या की चांगला बाइंडर नव्हे तर भराभर वाढणारा क्लोन जिंकतो. टार्गेटवाल्या आणि टार्गेट नसलेल्या ट्यूबच्या आउटपुटमध्ये तिसऱ्या फेरीला शंभरपट फरक दिसला तर काम नीट चाललं आहे. दोन्हीकडे सारखीच वाढ असेल तर फाज मण्यांवर बसताहेत, टार्गेटवर नव्हे.

९. क्लोनची पारख

९६ वसाहती उचला आणि प्रत्येकीचं एलायझा (चिकटणं रंगाने मोजणारी चाचणी) चार विहिरींवर करा: टार्गेटची नॅनोडिस्क, रिकामी नॅनोडिस्क, नुसतं स्ट्रेप्टाव्हिडिन, आणि तापवून उलगडलेलं टार्गेट. टार्गेट थेट प्लेटच्या प्लास्टिकवर चढवू नका, तिथे मेम्ब्रेन प्रोटीन उलगडतं. स्ट्रेप्टाव्हिडिनची प्लेट घ्या. या प्लेटलाही ट्वीन लागता कामा नये.

पहिल्या विहिरीत रिकाम्या चकतीच्या तिप्पट रंग असेल तरच क्लोन पुढे न्या. चौथी विहीर बरेच जण टाळतात, आणि खरी परीक्षा तिथेच असते. तापवलेल्या टार्गेटवर तेवढाच किंवा जास्त रंग आला तर तो क्लोन उलगडलेल्या साखळीला धरतो आहे. वेस्टर्न ब्लॉटला तो चालेल. रचना पाहायला किंवा ट्रान्सपोर्टर अडवायला चालणार नाही.

उरलेले क्लोन सीक्वेन्सिंगला पाठवा. ३० पैकी २८ एकच निघाले तर आनंदाची घाई नको. तो क्लोन दुसऱ्या, संबंध नसलेल्या टार्गेटवर लावून पाहा. वेगवेगळ्या पाच-सहा ओळी मिळणं हे जास्त निरोगी लक्षण आहे. मग नॅनोबॉडी फाजपासून वेगळी बनवून फ्लो सायटोमेट्रीवर (एकेका पेशीची चमक मोजण्याची पद्धत) तपासा: टार्गेटवाल्या पेशींचा आलेख सरकला पाहिजे, साध्या पेशींचा जागच्या जागी राहिला पाहिजे. बोंडअळीच्या उदाहरणात शेवटची तपासणी आतड्याच्या ब्रश-बॉर्डर पटलाच्या पुटिकांवर (छोट्या पिशव्यांवर) होईल. त्या बनवताना प्रोटिएज-रोधक पहिल्याच बफरमध्ये हवेत. अळीचा आतड्यातला रस अल्कधर्मी आणि प्रोटिएजने भरलेला असतो, तो टार्गेट आणि नॅनोबॉडी दोन्ही कुरतडतो.

१०. टेबल आणि कचरा

७० टक्के अल्कोहोलने एम१३ मरत नाही. टेबल, पिपेट आणि सेंट्रिफ्यूजचा रोटर ताज्या १० टक्के ब्लीचने पुसा, १० मिनिटं थांबा, मग पाण्याने पुसा, नाहीतर धातू गंजतो. ब्लीच उन्हाळ्यात लवकर उतरतं, रोज नवं करा. वापरलेल्या टिप्स, ट्यूब आणि कल्चर १२१ अंशांवर ३० मिनिटं ऑटोक्लेव्ह करा, पण ब्लीच घातलेलं द्रव ऑटोक्लेव्हमध्ये टाकू नका, विषारी वायू सुटतो. टीजी१ची ताजी फ्लास्क आणि फाजची ट्यूब एकाच वेळी एकाच टेबलावर उघडू नका. सकाळी जिवाणू, दुपारी फाज, आणि फाजला हात लावल्यावर त्या दिवशी पुन्हा माध्यमाच्या बाटलीकडे जायचं नाही.